हमीपत्रावरची सही

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रातील भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला 'कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपण' असा विषय दिला होता. सॉफ्टवेअरमधली बाई म्हटल्यावर तोच विषय मिळणार. पण तो तुम्ही रोज व्हॉट्सअॅपवर वाचताच, म्हणून मी दुसरा मागून घेतला. विषय सांगितल्यावर संयोजक जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "चालेल, पण जेवणाआधी नको." म्हणून हे भाषण पुरणपोळीनंतर ठेवलंय. कुणाला डुलकी लागली तर मी रागावणार नाही. भूगोलाच्या तासाची सवय आहे आपल्याला.

विषय असा आहे : मनाच्या आजारात ज्याच्या हातून गंभीर गुन्हा घडतो, त्याचं पुढे काय होतं? त्याला कुठे ठेवतात, किती दिवस ठेवतात, आणि तो बाहेर आला तर जातो कुठे?

माझा मामेभाऊ आपल्याच शाळेचा, आपल्यापुढे तीन वर्षं. त्याचं नाव मी व्यासपीठावरून घेणार नाही. निम्म्या लोकांना ते माहीत आहे, उरलेल्यांना चहाच्या वेळी कळेल. मी त्याला दादा म्हणते. आयटीआय करून तो फिटर म्हणून कामाला लागला. पंचविशीत त्याला आवाज ऐकू यायला लागले. शेजारचे लोक आपल्याबद्दल बोलतात, पाण्यात काहीतरी मिसळतात, असं वाटायला लागलं. डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया असं निदान लिहिलं. गोळ्यांनी बरं वाटायचं, बरं वाटलं की गोळ्या बंद व्हायच्या. २००९च्या पावसाळ्यात अशाच एका खंडात त्याने शेजारच्या काकांवर कोयत्याने वार केला. काका वाचले. उजव्या हाताची तीन बोटं मात्र कायमची गेली.

गावात त्या वेळी दोन वाक्यं फिरत होती. एक, "वेड्याचं सोंग घेतोय." दुसरं, निकाल लागल्यावरचं, "वेडा म्हणून सुटला." दोन्ही वाक्यांना उत्तर द्यायचं तर थोडा कायदा सांगावा लागेल. नागरिकशास्त्राच्या बाई समोर बसल्या आहेत, त्यामुळे जपून सांगते.

लंडनमध्ये जानेवारी १८४३ मध्ये डॅनियल मॅक्नॉटन नावाच्या माणसाने एडवर्ड ड्रमंड या गृहस्थांवर गोळी झाडली. ड्रमंड हे पंतप्रधान रॉबर्ट पील यांचे सचिव. सत्ताधारी टोरी पक्ष आपला छळ करतोय, अशी मॅक्नॉटनची पक्की समजूत होती आणि ड्रमंडना तो पीलच समजला, असं मानलं जातं. ड्रमंड पाच दिवसांनी दगावले. खटल्यात डॉक्टरांच्या साक्षी झाल्या आणि ज्युरीने त्याला वेडाच्या कारणावरून निर्दोष ठरवलं. केवढा गहजब झाला! खुद्द व्हिक्टोरिया राणी नाराज झाली. मग हाउस ऑफ लॉर्ड्सने न्यायाधीशांना बोलावून प्रश्न विचारले. त्यांनी दिलेली उत्तरं म्हणजे मॅक्नॉटनचे नियम. ते बोटीतून इकडे आले आणि १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ८४ होऊन बसले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत तेच कलम २२ म्हणून आहे. आकडा बदलला, गाभा तोच राहिला. कृत्य करताना मनाच्या विकृतीमुळे ज्याला आपण काय करतोय हेच कळत नव्हतं, किंवा ते चूक अथवा बेकायदा आहे हे कळत नव्हतं, त्याचं कृत्य गुन्हा ठरत नाही.

आता सोंगाचं. नुसता आजार असून भागत नाही. त्या घटकेला समज नव्हती हे आरोपीच्या बाजूने दाखवून द्यावं लागतं. आणि ते कोर्टात भाषणाने दाखवता येत नाही, कागदाने दाखवावं लागतं. घटनेच्या आधी उपचार चालू होते का, नंतर वागणं कसं होतं, हे पाहिलं जातं. आमच्या मामीने दादाच्या औषधाच्या सगळ्या चिठ्ठ्या डालड्याच्या जुन्या डब्यात ठेवल्या होत्या. तिला लिहिता-वाचता फारसं येत नाही, पण डॉक्टरांचा कागद फेकायचा नाही एवढं तिला ठाऊक होतं. खटल्यात वकिलांना खरा आधार त्या डब्याचाच झाला.

पण खटल्यापर्यंत यायलाच पाच वर्षं गेली. ज्याला स्वतःचा बचाव करण्याइतकी समज नाही, त्याच्यावर खटला चालवता येत नाही. तो पुढे ढकलला जातो. तोवर माणूस तुरुंगात किंवा मनोरुग्णालयात. महाराष्ट्रात येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, त्यातल्या एकात दादा होता. २०१४ मध्ये डॉक्टरांनी तो खटल्याला उभा राहू शकतो असं लिहून दिलं. २०१६ मध्ये निकाल लागला. कृत्य त्यानेच केलं, पण कलम ८४ प्रमाणे तो दोषी नाही. हे दोन्ही निकालपत्रात स्पष्ट लिहावं लागतं, हे फार कमी लोकांना माहीत असतं. म्हणजे काकांच्या बाजूने पाहिलं तर कोर्टाने "असं काही झालंच नाही" असं म्हटलेलं नाही.

आणि "सुटला"चं म्हणाल, तर दादा निकालाच्या दिवशी कोर्टातून परत त्याच मनोरुग्णालयात गेला. निर्दोष ठरलेल्या माणसाला सुरक्षित ताब्यात ठेवायचं, किंवा नातेवाइकाने हमी दिली तर त्याच्याकडे सोपवायचं, एवढे दोनच रस्ते कायद्याने ठेवले होते. शिक्षा झालेल्या कैद्याला बहुतेक वेळा एक तारीख तरी माहीत असते. इथे तारीखच नसते. मी इंजिनिअर आहे, मला बाहेर पडायची अट नसलेलं चक्र दिसलं की अस्वस्थ व्हायला होतं. असा प्रोग्राम कुणी लिहिला तर आम्ही तो परत पाठवतो.

ही अतिशयोक्ती वाटत असेल तर आसाममधल्या मचल लालुंग यांची हकिगत ऐका. १९५१ मध्ये त्यांना कुणाला तरी गंभीर दुखापत केल्याच्या आरोपावरून पकडलं आणि तेजपूरच्या मनोरुग्णालयात पाठवलं. १९६७ मध्ये ते बरे असल्याचं रुग्णालयाने कळवलं. घरी पाठवायच्या ऐवजी त्यांना तुरुंगात हलवलं गेलं. खटला कधी चाललाच नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने लक्ष घातल्यावर २००५ मध्ये ते सुटले, एक रुपयाच्या जातमुचलक्यावर. वय ७७. चोपन्न वर्षं! पुढे सर्वोच्च न्यायालयाने तीन लाख रुपये आणि महिना हजार रुपये द्यायला सांगितले. दोनेक वर्षांत ते गेले.

बिहारच्या हजारीबाग तुरुंगातले असेच काही कैदी १९८२ मध्ये वीणा सेठी खटल्यामुळे सुटले. आणि काही गुन्हाच नसलेल्या मनोरुग्णांना तुरुंगात ठेवण्याची पद्धत १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा ठरवली, ती आपल्या मुंबईच्या पत्रकार शीला बर्से यांच्या याचिकेवर. त्यांचं नाव शाळेच्या पुस्तकात यायला हवं असं माझं मत आहे. (पाठ्यपुस्तक मंडळावर असलेले आपले मित्र मान खाली घालून हसतायत, ते मला दिसतंय.)

दुसरीकडे काय करतात हे मला कामामुळे बघायला मिळालं. पुण्यात आमच्या टीमकडे इंग्लंडमधल्या मनोरुग्णालयांसाठी रुग्णनोंदीचं सॉफ्टवेअर होतं. त्यात रजेचा एक रकाना होता. आधी मला वाटलं, कर्मचाऱ्यांची रजा. नंतर कळलं, रुग्णांची! आवारात सोबतीने फिरणं, आवारात एकट्याने फिरणं, गावात सोबतीने जाणं, एकट्याने जाणं, एक रात्र बाहेर राहणं. प्रत्येक पायरीला वेगळी परवानगी, वेगळी नोंद. ब्रॉडमूर, रॅम्प्टन, अॅशवर्थ ही तिथली सर्वांत कडक बंदोबस्ताची तीन रुग्णालयं. त्यांच्या खाली मध्यम बंदोबस्ताची, त्याखाली सौम्य बंदोबस्ताची. माणूस वर्षानुवर्षं एकेक जिना उतरत येतो. कोर्टाने निर्बंधाचा आदेश दिलेला असेल तर रजेलासुद्धा न्याय मंत्रालयाची संमती लागते. शेवटी जी सुटका होते ती सशर्त. राहायचं कुठे, औषध घ्यायचं, अमुक भागात जायचं नाही. एक डॉक्टर आणि एक समाजसेवक ठरलेले, ते मंत्रालयाला नियमित अहवाल पाठवतात. बिघडायला लागलं तर मंत्री त्याला परत रुग्णालयात बोलावू शकतो, नवा गुन्हा घडायची वाट न बघता.

आम्ही नवी आवृत्ती एकदम सगळ्या ग्राहकांना देत नाही. आधी थोड्यांना देतो, लक्ष ठेवतो, आणि मागे घ्यायची सोय आधीच करून ठेवतो. ती मागे घ्यायची सोय असते म्हणूनच पुढे जायची हिंमत होते. तिथल्या व्यवस्थेतलं मला सगळ्यात पटलेलं काही असेल तर ते हेच.

तिथेही हे शहाणपण फुकट आलेलं नाही. ग्रॅहम यंग नावाच्या विषप्रयोग करणाऱ्या तरुणाला १९७१ मध्ये ब्रॉडमूरमधून सोडलं. तो ज्या कंपनीत कामाला लागला तिला त्याचा पूर्वेतिहास कुणी सांगितलाच नाही. तिथे त्याने सहकाऱ्यांना विष घातलं, दोघं मेले. त्यानंतर बटलर समिती बसली आणि मधल्या पायरीची रुग्णालयं उभी राहिली. १९९२ मध्ये लंडनच्या एका स्टेशनवर ख्रिस्तोफर क्लुनिसने जोनाथन झिटो या अनोळखी तरुणाला भोसकून मारलं. २०२३ मध्ये नॉटिंगहॅमला वाल्डो कॅलोकेनने तिघांना मारलं. हे दोघं मात्र अशा सशर्त सुटकेवर नव्हतेच. साधे रुग्ण होते, आणि त्यांच्या पाठीमागचा धागा सुटला होता. कॅलोकेन भेटींना येत नाही म्हणून मानसोपचार पथकाने त्याला फॅमिली डॉक्टरकडे सोपवून आपली फाइल बंद केली होती. उलट सुरक्षित रुग्णालयातून देखरेखीखाली बाहेर आलेले लोक पुन्हा गुन्हा करण्याचं प्रमाण तुरुंगातून सुटणाऱ्यांपेक्षा कमी आहे, असं अनेक देशांतल्या अभ्यासांतून दिसलंय. भीती कुणाची धरायची, हे यातून थोडं कळतं.

आपल्याकडे २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आला. मनोरुग्णाला समाजात राहण्याचा हक्क आहे, केवळ घर नाही म्हणून त्याला रुग्णालयात अडकवून ठेवायचं नाही, सरकारने हाफवे होम काढावीत, असं त्यात सरळ लिहिलंय. कायदा वाचला की छाती भरून येते. मग बाहेर बघितलं की रिकामी होते. २०१९ मध्ये महाराष्ट्रात बऱ्या झालेल्या काही रुग्णांना भिक्षेकरी गृहांत आणि वृद्धाश्रमांत हलवलं गेलं, सर्वोच्च न्यायालयाला त्याला हरकत घ्यावी लागली. म्हणजे जिना नाहीच. वरचा मजला आहे आणि एकदम रस्ता आहे. मध्ये जे काही असेल ते नातेवाइकाने व्हायचं.

दादाला घरी पाठवायला हरकत नाही असं रुग्णालयाने २०१८ मध्ये कळवलं. तोवर मामा गेले होते. दोन्ही बहिणींच्या सासरी हा विषयच काढता येत नव्हता. मामी एकटी. हमी द्यायला कुणी तरी हवं होतं. मी अर्ज केला. हा अर्ज राज्य सरकारकडे करावा लागतो. रुग्णालयाच्या अभ्यागत मंडळाने प्रमाणपत्र द्यायचं की या माणसाला सोडलं तर त्याच्यापासून त्याला स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका नाही. एका कार्यालयात फाइल चौदा महिने होती. मी दर सोमवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी फोन करायचे. शेवटी तिथले कारकून माझा आवाज ओळखून, "मॅडम, अजून साहेबांच्या टेबलावरच आहे," असं मी विचारायच्या आत सांगायला लागले. माणूस चांगला होता.

हमीपत्रावर तीन ओळी असतात. याची नीट काळजी घेईन. याच्या हातून स्वतःला किंवा कुणाला इजा होऊ देणार नाही. सांगाल तेव्हा, सांगाल त्या अधिकाऱ्यासमोर याला हजर करीन. मधली ओळ वाचून माझा नवरा म्हणाला, "अशी हमी मी स्वतःबद्दलसुद्धा देणार नाही." गंमतीत म्हणाला, पण खरं होतं. मी सही करण्याआधी एक गोष्ट राहिली होती. ती कायद्याने मला कुणी सांगितलेली नव्हती. इंग्लंडमध्ये ज्याला इजा झाली त्या कुटुंबाला सुटकेआधी कळवण्याची आणि अटींबद्दल त्यांचं म्हणणं ऐकण्याची सोय आहे. आपल्याकडे काकांना कुणी पत्रसुद्धा पाठवलं नसतं. एका सकाळी आपला माणूस समोरच्या ओट्यावर दात घासताना दिसला असता, बस.

मी त्यांच्या घरी गेले. काकांनी बसायला सांगितलं. डाव्या हाताने पाण्याचा तांब्या पुढे केला. मी सगळं सांगितलं. औषध काय आहे, कोण देणार, मी दर महिन्याला कधी येणार. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग काकू म्हणाल्या, "येऊ दे त्याला. त्याची आई म्हातारी झालीय. पण आमच्या दारावरून जायचं नाही. आमची नात शाळेत याच रस्त्याने जाते." काका म्हणाले, "मला त्याला बघायचं नाही. वाईट व्हावं असंही वाटत नाही." त्यांनी माफ केलं, असं मी तुम्हाला सांगणार नाही, कारण तसं ते म्हणाले नाहीत. म्हणायला ते बांधीलही नाहीत. मामीने ते घर भाड्याने दिलं आणि नदीपलीकडे दोन खोल्या घेतल्या. दादा पेठेत येतो तो पुलावरून, मागच्या गल्लीने. तीन वर्षांत एकदाही त्याने तो रस्ता ओलांडलेला नाही. सरकारी कागदावर ही अट कुठेच नाही.

रोजचं काय चालतं ते थोडक्यात सांगते, कारण लोकांना वाटतं आम्ही त्याच्यावर पहारा ठेवतो. दर चार आठवड्यांनी इंजेक्शन असतं. गोळी विसरायचा प्रश्न त्यामुळे मिटला. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात तो एसटीने जातो, कार्डावर शिक्का घेतो आणि मला फोटो पाठवतो. आम्ही दोघांनी, म्हणजे त्याने आणि मी, बसून एक यादी केली आहे. बिघडायला लागलं की आधी काय होतं? सलग दोन रात्री झोप उडते. दाढी राहते. रेडिओ बंद करतो, कारण निवेदक आपल्याशी बोलतो असं वाटायला लागतं. तिसरी खूण त्यानेच सांगितली, ती ना मला माहीत होती ना डॉक्टरांना. यादी मामीकडे आहे, माझ्याकडे आहे, शेजारच्या ताईंकडे आहे आणि पोलीस ठाण्यात एका समजूतदार हवालदारांकडे आहे. दारू वर्ज्य. मानसिक आजारासोबत दारू किंवा गांजा आला की धोका खरोखर वाढतो, त्याबाबत आम्ही सगळे कडक आहोत. गेल्या वर्षी फेब्रुवारीत झोप उडाली होती. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवलं, औषध वाढवलं, आठवडाभर रुग्णालयात राहिला, परत आला. गावात कुणाला कळलंही नाही. तुम्हाला आत्ता कळतंय.

एरवी तो फिटरचं काम करू शकतो. हात अजून स्थिर आहे. मागच्या दिवाळीत मामीचा मिक्सर, शेजारच्यांचा पंप आणि माझ्या गाडीचं दार त्याने दुरुस्त केलं. शेवटच्यासाठी सर्व्हिस सेंटरने मला अकरा हजार सांगितले होते.

आता मी हा विषय का मागून घेतला ते. मामी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. मी पुण्यात आहे आणि महिन्यातून दोनदा येते. मामी आहे तोवर हे चालेल. त्यानंतर दादा एकटा राहू शकतो, डॉक्टरांचंही तेच मत आहे. पण नदीपलीकडची खोली घरमालक मामीच्या नावावर देतात, दादाच्या नावावर द्यायला तयार नाहीत. तीन ठिकाणी विचारलं. दोघांनी कारण सांगितलं, एकाने फोन उचलणं बंद केलं. मी कुणावर रागावलेली नाही. पण खोली मिळाली नाही तर बऱ्या झालेल्या माणसाला पुन्हा वॉर्डात नेऊन सोडायची वेळ येईल, आणि या वेळी कारण आजार नसेल, भाडेकरार असेल.

आपल्या बॅचमध्ये तिघांचे वर्कशॉप आहेत, दोघांकडे भाड्याच्या खोल्या आहेत, आणि एक जण औद्योगिक वसाहतीत युनिट चालवतो. मी कुणाचंही नाव घेत नाही, पण तुम्ही सगळे एकमेकांकडे बघताय. मला हवंय ते असं : पुलापलीकडे एक खोली, मोरी आतच असलेली. भाडं आणि डिपॉझिट मी देईन, करारावर सहीही माझी. आणि आठवड्यातून चार दिवस, सकाळी नऊ ते दोन, फिटरचं काम. दुपारी औषधामुळे त्याला सुस्ती येते, म्हणून दोननंतर नको. जो कुणी देईल त्याला मी आधी सगळं सांगेन, २००९ सकट. दादाची त्याला हरकत नाही, मी विचारूनच आले आहे. इथे काय बोलणार तेही त्याला वाचून दाखवलं. त्याने एकच दुरुस्ती सुचवली. पंप शेजारच्यांचा नव्हता, देवळाचा होता.

मी उद्या दुपारच्या गाडीपर्यंत गावात आहे. नंबर संयोजकांकडे आहे.